चिंचेवरचा कंदील

हे लिहायचं मी चार वर्षं टाळलं. मास्तराने आपली चूक सुधारायची ती फळ्यापाशी, वर्ग समोर बसलेला असताना. डस्टर फिरवायचं, नवा आकडा लिहायचा, झालं. निवृत्तीनंतर वर्गच उरत नाही. माझी मुलं (केस पिकले तरी मी त्यांना मुलंच म्हणतो) कुणी म्हापशात आहेत, कुणी मुंबईत, आणि बरीचशी स्विंडनला गोदामांत रात्रपाळी करतात. त्यांना एकत्र बसवणं आता शक्य नाही, म्हणून हे छापून देतो आहे.

मी पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवत असे. दर वर्षी डिसेंबरात, मुक्तिदिनाच्या आगेमागे, आठवीची सहल तेरेखोलला जायची. केरीच्या धक्क्यावर बस सोडायची आणि फेरीबोटीत चढायचं. साखळ्या खडखडत, लोखंडी फळी वर उचलली जाई, डिझेलचा भपकारा येई आणि मुलं कठड्याला लोंबकळत. पलीकडे टेकडीवर किल्ला. नदी ओलांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि तेवढ्यात १७४६ गाठायचं हा माझा हिशेब असे. सतराव्या शतकात वाडीच्या खेम सावंतांनी गड बांधला, पोर्तुगीजांनी २३ नोव्हेंबर १७४६ रोजी तो घेतला, इथपर्यंत आलो की फळी पलीकडच्या धक्क्याला टेके. चढण चढताना मी मनात १८२५ ची उजळणी करत असे.

१८२५ ही माझी हातखंडा गोष्ट होती. किल्ल्याच्या अंगणात सांत आंतोनीचं छोटं पांढरं चर्च आहे, बहुतेक वेळा बंद. त्याच्या समोर मुलांना बसवायचं आणि सुरू करायचं. बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा, न्युऱ्याचा डॉक्टर. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत या प्रदेशाच्या प्रमुखपदावर बसलेला पहिला आणि शेवटचा गोंयकार. लष्करातल्या गोऱ्या आणि अर्धगोऱ्या मंडळींना ते सोसवलं नाही, त्यांनी बंड करून त्याला हाकललं. तेरेखोलची शिबंदी मात्र त्याच्या बाजूने उभी राहिली. मग गडावर हल्ला झाला, आतल्या एकूणएकाची मुंडकी छाटली आणि खांबांवर लावली. इथे मी थांबत असे. किल्ल्यात तेव्हा हॉटेल होतं. एखादा वेटर ट्रे घेऊन जाताजाता थबके. मुलं तटाकडे बघत. त्या शांततेची मला चटक लागली होती, हे आज कबूल करतो.

एका वर्षी केरीच्या बाजूच्या एका मुलीने हात वर केला. "सर, मारले ते आमचे की तेंचे?"

मी म्हटलं, "आमचे."

"मगे आमचे तेंच्या गडार खयसून इले?"

बाकीची मुलं हसली, मीही हसलो आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्या म्हणून विषय संपवला. पण प्रश्न चोख होता. सकाळी फेरीत मी सांगितलं होतं की १७४६ ला गड "त्यांच्या"कडे गेला. मग ऐंशी वर्षांनी त्या गडात उभे राहून मेलेले "आमचे" कसे? माझ्याकडे दोनच खाने होते आणि शिबंदी त्यांपैकी एकातही मावत नव्हती. शिपाई पोर्तुगीज सैन्यातले, पगार पोर्तुगालच्या सरकारचा, निष्ठा लिस्बनहून नेमलेल्या अधिकाऱ्यावर, आणि तो अधिकारी न्युऱ्याचा. मुलीला उत्तर द्यायचं म्हणून मी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आपल्याकडे आहे आणि मी वीस वर्षांत तिथे फक्त निवडणुकीच्या कामाच्या दिवशी, दुपारी सावलीसाठी शिरलो होतो.

तिथे उत्तर नंतर सापडलं. आधी सापडलं ते साल. पेरेस दा सिल्वाने प्रीफेक्ट म्हणून सूत्रं हाती घेतली १४ जानेवारी १८३५ रोजी, आणि सतराएक दिवसांत, १ फेब्रुवारीला, त्याला उलथवलं गेलं. त्याच्या पक्षाच्या लोकांची कत्तल झाली ती त्याच वर्षीच्या मे महिन्यात, मिरामारजवळच्या गास्पार दियशच्या किल्ल्यात. तेरेखोलही त्याच धुमाळीत सापडलं. १८२५ मध्ये यातलं काहीच होऊ शकत नव्हतं. पोर्तुगालमधली घटनात्मक राजवट १८२३ लाच मोडली होती आणि १८२५ ला तिथे निरंकुश राजेशाही होती. ती कशाला एखाद्या उदारमतवादी गोंयकाराला गादीवर बसवते? इतिहासाच्या मास्तराला निदान एवढं तर सुचायला हवं होतं. १८२५ हे साल मी कुठल्याशा पर्यटन-पुस्तिकेतून उचललं होतं. ते आजही ठिकठिकाणी छापलेलं दिसतं, पण त्याने माझी चूक लहान होत नाही. वर्षाला चाळीस मुलं धरली तरी आठ-नऊशे वह्यांत ते साल माझ्या अक्षरावरून उतरलं आहे.

पुढच्या वर्षापासून मी १८३५ सांगू लागलो. मुंडक्यांचं वर्णनही आवरतं घेतलं, कारण शिबंदी मारली गेली यापलीकडचा तपशील कुणी डोळ्यांनी बघून लिहून ठेवल्याचं मला मिळालं नाही. मागच्या मुलांना मात्र मी काहीच कळवलं नाही. एका दशकाने असं काय बिघडतं, असं मनाला समजावलं.

खरी कबुली पुढे आहे, आणि ती हळर्णची आहे.

हळर्णचा किल्ला तेरेखोलसारखा समुद्रावर मिरवत नाही. आत, शापोरा नदीच्या काठी, झाडीत, चिऱ्याचा. आमच्या वेळी तटावर रानच माजलेलं असे, डागडुजी अलीकडची. तिथे मी सातवीला न्यायचो. शाळेपासून जवळ, फेरीचा त्रास नाही. ५ मे १७४६ ला पोर्तुगीजांनी हळर्ण जिंकलं, हे सांगितलं की कुणीतरी हमखास विचारी, "सर, आमचे हरले कशे?" मला उत्तर ठाऊक नव्हतं. "ठाऊक नाही" म्हणायची तेव्हा सवय नव्हती. मग एका वर्षी, तटाच्या सावलीत उभा राहून, मी एक फितूर रचला.

आतलाच एक नोकर. शेजारच्या अमुक वाड्यावरचा. त्याला पैसे चारले. अमावास्येच्या रात्री त्याने नदीकडच्या चिंचेवर कंदील टांगला, शत्रूला वाट दिसली आणि दरवाजा आतून उघडला. चिंच मी घातली कारण मुलं त्या वेळी चिंचा चघळत होती. वाड्याचं नाव घातलं कारण गोष्टीला गाव लागतं. पाच मिनिटांत गोष्ट तयार झाली आणि फार छान झाली. वर्गात गेल्यावर निबंध लिहायला सांगितले, तर तीस जणांनी कंदीलच लिहिला. १७४६ हे साल फक्त सहा जणांना आठवलं होतं. मी तो कंदील पुढची पंधरा वर्षं लावत राहिलो.

माझं तेव्हाचं मत असं होतं की मुलांना आधी अभिमान द्यावा, तपशील ती मोठी झाल्यावर मिळवतील. अभिमानाला पराभव पचत नाही, म्हणून पराभवाला फितुरीचं पथ्य लावायचं. हे मी एकट्याने केलं असंही नाही. आपल्याकडे किती गड नुसत्या लढाईने पडले, मोजून बघा. गोष्टींत तरी बहुतेक सगळे फितुरीनेच पडतात.

निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याचा लिस्बनहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पोर्तुगीज पासपोर्टच्या कागदांसाठी तो तिथे गेला होता. फोटोत वाइनची बाटली, लेबलावर ठळक नाव: आलोर्ना. खाली त्याचा प्रश्न: "सर, हें आमचें हळर्ण काय?" मी तत्काळ उत्तर दिलं, "नावात साम्य, योगायोग." सवय जात नाही.

योगायोग अजिबात नव्हता. हळर्ण घेणारा व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा याला त्या विजयाबद्दल १७४८ साली नवा किताब मिळाला: आलोर्नाचा मार्केश. आल्मेइरीमच्या त्याच्या मळ्यालाही तेच नाव लागलं आणि तिथली वाइन आजही त्या नावाने विकली जाते. हा तोच माणूस, जो आधी आसुमारचा काउंट म्हणून ब्राझीलच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात गव्हर्नर होता आणि ज्याच्या मेजवानीसाठी १७१७ साली मासे पकडताना कोळ्यांच्या जाळ्यात आपारेसिदाच्या सायबिणीची मूर्ती आली, असं ब्राझीलमध्ये सांगतात. मी वर्षानुवर्षं त्याला नुसतं "व्हाइसरॉय" म्हणून सांगत आलो होतो. नाव कधी उच्चारलं नव्हतं.

त्याच्या नातीने तर मला आठवडाभर दुसरं काही वाचू दिलं नाही. लेओनोर द आल्मेदा, जन्म १७५०. पोर्तुगालच्या राजावरच्या हल्ल्याच्या आरोपावरून तिच्या आईच्या आईवडिलांना, ताव्होरांना, १७५९ च्या जानेवारीत जाहीर ठार मारलं गेलं. हा आजोबा ताव्होरा म्हणजे हळर्णवाल्यानंतर लगेच गोव्यात आलेला व्हाइसरॉय. बाप तुरुंगात गेला. आठ वर्षांची लेओनोर आई आणि बहिणीसह चेलासच्या मठात डांबली गेली आणि १७७७ ला बाहेर आली, तेव्हा सव्वीस वर्षांची होती. मठात ती कविता लिहायला शिकली. पोर्तुगीज साहित्यात ती ओळखली जाते आलोर्नाची मार्केझा म्हणून. म्हणजे पेडण्याच्या आडरानातल्या एका गावाचं नाव, थोडं वाकडं उच्चारलेलं, तिकडच्या साहित्यात जाऊन बसलं, आणि आमच्या शाळेत मी त्या गावाच्या नावावर चिंच आणि कंदील खपवत होतो.

मग मी १७४६ नीट वाचायला बसलो. पिसुर्लेकरांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' माझ्या कपाटात होतं, निरोपसमारंभात मिळालेलं, कव्हरसुद्धा न काढलेलं. लढाई हळर्णच्या दारात सुरूच झाली नव्हती. ती सात वर्षं आधीची. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पेशव्यांची फौज साष्टीत उतरली आणि वाडीकर सावंतांनी बार्देश बळकावलं. पोर्तुगीजांच्या हाती गोव्यात फार थोडं उरलं होतं. १७४१ ला लिस्बनहून कुमक घेऊन नवा व्हाइसरॉय आला आणि बार्देश परत गेलं. आल्मेदा १७४४ ला आला तो वचपा काढायलाच, आणि वाडीकरांच्या मदतीला तेव्हा कुणी मोठं आलं नाही. १७४६ ची मोहीम एका किल्ल्याची नव्हती: हळर्ण, डिचोली, मोर्ले, सातरें, तेरेखोल, रेडी अशी रांगच पडली. लिस्बनला पुढच्याच वर्षी तिच्यावर पुस्तिका छापल्या गेल्या. पद्धतशीर तयारीने आलेल्या फौजेने हल्ला करून गड घेतले. आणि हो, त्या साली वाडीच्या गादीवर खेम सावंत नव्हतेच. रामचंद्र सावंत होते, कारभार जयराम सावंतांचा. तेही मी चुकीचं सांगत होतो.

सगळ्यात अवघड गेलं ते १७८८. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे कायमचा गेला तो तलवारीने नव्हे. कोल्हापूरकरांशी भांडण पेटलं होतं, मदत हवी होती, म्हणून खेम सावंतांनी, म्हणजे त्या नावाच्या तिसऱ्या राजाने, तो स्वतः देऊन टाकला. फितुरी शोधायचीच असेल तर कुणाची म्हणायची? राजाने केली की तिला तह म्हणतात. मी ज्या नोकराला रचलं त्याच्या हाती निदान एक कंदील होता.

पेडणं इतक्या उशिरा गेलं, त्या उशिराचा आम्हाला फायदाही झाला, हे तर मी वर्गात कधी बोललोच नव्हतो. बार्देश, साष्टी, तिसवाडीत सोळाव्या शतकात देवळं पडली. पेडणे, डिचोली, सत्तरी या महालांवर पोर्तुगीज अंमल बसला तो अठराव्या शतकाच्या शेवटाकडे, जेव्हा धर्मांतराचा तो जोर ओसरला होता. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीत नार्व्याला आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचं देऊळ पुन्हा उभं करवलं, ते शक्य झालं कारण मधली नदी त्या काळी सरहद्द होती. आमची भगवती, आमची मराठी शाळा, मी स्वतः, असे सगळे त्या उशिराच्या पोटी आहोत. हे सगळं "आमचे" आणि "तेंचे" अशा दोन खान्यांत घालून बघा, बसत नाही.

एवढं वाचल्यावर मी पुन्हा हळर्णला गेलो. डागडुजी झाली होती, रान साफ. पुण्याकडचं एक कुटुंब आलं होतं आणि गावातला एक मुलगा त्यांना हौसेने माहिती सांगत होता. चेहरा ओळखीचा वाटला. माझ्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा निघाला. त्याने मला ओळखलं नाही. "हा किल्ला फितुरीने पडला," तो सांगत होता. "अमुक वाड्यावरच्या एकाने चिंचेवर कंदील लावला. माझ्या बाबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. जुनी गोष्ट आहे."

पाहुण्यांनी विचारलं, चिंच कुठली? पोरगा क्षणभर अडला. मग त्याने नदीकडच्या एका जांभळीकडे हात केला आणि म्हणाला, "ती पडली पावसात. त्या तिथे होती."

माझी गोष्ट पंचवीस वर्षांत पणजोबांची झाली होती आणि तिने स्वतःचं झाडही पाडून घेतलं होतं. मी दोन पावलं पुढे झालो आणि थांबलो. पाहुण्यांसमोर पोराचा पाणउतारा कशाला, असं स्वतःला सांगितलं. खरं तर माझाच पाणउतारा झाला असता. मी काही न बोलता घरी आलो.

यावरून दंतकथा म्हटली की वैताग येणाऱ्यांत मी गेलो, असं समजू नका. पेडण्याच्या पुनवेला भूतनाथ एका रात्रीत देऊळ बांधून मागतो, रुसून डोंगराकडे निघतो आणि भक्त त्याची समजूत घालून त्याला परत आणतात. कोजागिरीची ती रात्र मी आजवर चुकवलेली नाही. त्या कथेला कुणी तारीख चिकटवत नाही. तिने कुणाच्या वाड्याला बट्टा लागत नाही. माझ्या कंदिलाने तो लागला.

हे मला कळलं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. मिरच्या घेत होतो, तर एकाने वाकून नमस्कार केला. ओळख पटेना. तो हसून म्हणाला, "सर, मी कंदील." मी ज्या वाड्याचं नाव गोष्टीत घातलं होतं, त्या वाड्यावरून आमच्या शाळेत त्या वर्षी हा एकटाच होता. सातवीच्या सहलीपासून मुलांनी त्याला कंदील म्हणायला सुरुवात केली ती दहावीपर्यंत. वर्गात काही हरवलं, कुणी चुगली केली, मॅच हरली, की "कंदिलान लायलो". मी त्याच शाळेत होतो. मधल्या सुट्टीत मी ती हाक कितीदा ऐकली असेन, आणि मला वाटायचं, मुलं गोष्ट विसरली नाहीत, बरं झालं.

त्याने तक्रार म्हणून नाही सांगितलं. चहा पाजला, मिरच्यांचे पैसे घेईना. मी त्याला तिथेच म्हटलं की तो कंदील खोटा होता, मी रचला होता. तो थोडा वेळ हातातली पिशवी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "सर, हे तेव्हा सांगपाक जाय आशिल्लें."

तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आता लिहितो आहे. माझ्या वर्गात बसलेल्या कुणी वह्या जपल्या असतील तर तेरेखोलच्या पानावर १८२५ वर रेघ मारा आणि १८३५ लिहा. १७४६ बरोबर आहे. फक्त त्या साली गड गेला तो रामचंद्र सावंतांचा, खेम सावंतांचा नाही. हळर्णच्या पानावरचा फितूर, चिंच आणि कंदील अख्खे खोडा, आणि मुलाबाळांना सांगून बसला असाल तर त्यांनाही सांगा की ते सरांनी बनवलं होतं. शुक्रवारी म्हापशाला जाणं झालं तर मसाल्याच्या ओळीत तो बसलेला असतो. त्याला त्याच्या नावाने हाक मारा.